अकरानंतर मोजणी नाही

मंदा,

तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले. माणसं अजून येतात. अंगणात खुर्चीवर टेकतात, पाणी घेतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि शेवटी विचारतातच, "पर झाल्तं काय नेमकं?"

तुझे दादा म्हणतात, "निमोनिया."

"ते झालंच. पर आधीपासून व्हतं ना काहीतरी? उन्हाचं?"

मग दादा माझ्याकडे बघतात आणि मी आत जाते. मी शाळेत चौथीच्या पोरांना ग्रहण समजावून सांगते, दिवसरात्र समजावून सांगते, पण तुला काय झालं होतं ते मला एका दमात सांगता येत नाही. 'उन्हाचं' हा शब्द गावानंच काढला. मोजणीच्या मॅडमला उन्हाचं आहे. जसं कुणाला साखरेचं असतं, कुणाला दम्याचं. तू या शब्दावर हसायचीस आणि म्हणायचीस, "वहिनी, डॉक्टरांपेक्षा गावानं सोपं नाव ठेवलं." सोपं होतं, पण बराबर नव्हतं. आज मला वाटतंय, एकदा सगळं तुझ्यासमोरच मांडावं. चुकलं तर तू टोकायचीस ते आता होणार नाही, म्हणून जपून मांडते.

सुरुवात दिवाळीत झाली. मी या घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि आपण अजून 'अहो-जाहो'वर होतो. तू दोन वर्षांपूर्वी अंबडला मोजणीच्या कचेरीत लागली होतीस. आपल्या वडीगोद्रीच्या पट्ट्यात बाईमाणूस शेताची हद्द मोजायला येतं हेच लोकांना नवीन होतं. तुला बांधावर बघून शेतकरी विचारायचे, "साहेब मागून येऊन राह्यले का?" आणि तू म्हणायचीस, "साहेब आलेत. काठी धरा."

नरक चतुर्दशीच्या पहाटे मी तुझ्या पाठीला तेल लावलं, उटणं लावलं, बंबातलं कढत पाणी काढून दिलं. तुला पाणी कढतच लागायचं. मी चुलीशी आले असेन-नसेन, तेवढ्यात न्हाणीतून तुझा आवाज आला.

"वहिनी, लाईट गेली का?"

"नाही. का हो?"

 मग अगदी सावकाश म्हणालीस, "मंग मला का न्हाई दिसत?"

मी तुला साडी गुंडाळून हाताला धरून बाहेर आणलं, बाजेवर बसवलं. आईंनी डोळ्यांत पाणी मारलं. "उटणं गेलं असंल. चोळू नको." मी दारात पणती ठेवली होती. वीसेक मिनिटांनी तू म्हणालीस, तिकडं काहीतरी पिवळं आहे. मग त्या पिवळ्याची ज्योत झाली. मग तुला माझ्या साडीचा काठ दिसला, मग माझं नाक. मला वाटलं आता ही रडेल.  तू मान तिरकी करून विचार करत बसली होतीस आणि म्हणालीस, "हे परत करून बघायला पाहिजे."

आणि केलंस. लक्ष्मीपूजनाला गार पाण्यानं अंघोळ, डोळे स्वच्छ. पाडव्याला पुन्हा कढत पाणी. मला न्हाणीच्या दाराबाहेर घड्याळ घेऊन उभं केलंस. आतून ओरडून सांगायचीस, "अजून दिसतंय... अजून... कडा गेल्या... बादलीचा लाल रंग गेला." भाऊबीजेला फक्त पाय कढत पाण्यात घातलेस, तरी धुकं आलं, पण उशिरानं. तेव्हा मी भ्याले आणि ओरडले, "मंदे, बास झालं, ये बाहेर!" त्या दिवसापासून आपलं 'अहो' गेलं ते गेलंच.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंसमोर तू हा सगळा कागद ठेवलास. कधी, किती गरम, किती मिनिटांनी, कोणता डोळा. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढून तुझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, पूर्वी हा आजार ओळखायला डॉक्टर मुद्दाम माणसाला गरम पाण्यात बसवायचे. आता मशीन आहे. मशीनमध्ये घातल्यावर नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपण दोघी एस.टी.त ते नाव म्हणून बघत होतो, शाळेत पाढा म्हणतात तसं.

त्यांनी समजावलेलं मला आजही आठवतं. शरीरातल्या नसा म्हणजे वायरी. वायरीवरचं आवरण काही ठिकाणी झिजलंय. अंग गार असलं की झिजलेल्या जागेतूनही करंट कसाबसा पलीकडे जातो. अंग जरा तापलं, अगदी थोडं, की अडतो. डोळ्याच्या नसेत अडला की अंधारी, पायाच्या नसेत अडला की पाय जड. तू लगेच विचारलंस, "मग उन्हानं आवरण अजून झिजतं का?"

"नाही. आजार वाढवायचा तेव्हा आजारच वाढवतो. ऊन फक्त झिजलेलं दाखवतं. अंग गार झालं की परत पहिल्यासारखं."

हे ऐकून तुझा चेहरा उजळला. मला कळेना, यात आनंद होण्यासारखं काय आहे. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "म्हंजे ऊन माझा दुश्मन न्हाई वहिनी. चुगलखोर आहे नुसतं."

पण चुगलखोराबरोबर राहायचं होतं ते आपल्या भागात. आणि मोजणी असते उन्हाळ्यात. पिकं निघून रानं मोकळी होतात, बांध उघडे पडतात, भावकीला भांडायला सवड मिळते. होळी ते मृग, तुझ्या कामाचा हंगाम आणि तुझ्या आजाराचा हंगाम एकच. तू कचेरीत कुणाला काही सांगितलं नाहीस. हे लपून राहणार नाही असं मी सांगायचे, तू म्हणायचीस, "एवढी परीक्षा देऊन पोस्ट मिळवली ती टेबलावर बसायला का?"

घरात आईंचं वेगळंच. "ऊन काय हिलाच लागतंय व्हय? आमी का सावलीत वाढलो?" त्यांचा कापूस वेचण्यात जन्म गेला, त्यांना कसं पटावं? त्यांना दोष देत नाही. कारण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. मलाही कधी कधी तसंच वाटायचं. सकाळची शाळा करून मी स्कूटीवर तापत यायचे, आल्याबरोबर चुलीपुढं भाकरी थापायला बसायचे, आणि तू सुट्टीच्या दिवशी बादलीत पाय घालून, मानेला ओला पंचा गुंडाळून कूलरसमोर बसलेली असायचीस. छान दिसायचीस. धडधाकट दिसायचीस. मनात यायचं, मलाही असा आजार व्हावा की ज्याला सावलीत बसावं लागतं. लाज वाटायची आणि तरी यायचं.

त्या लाजेपोटीच मी दादांच्या जुन्या चष्म्याला खोबरेल तेल फासून निवडण टिपायला बसले. तुला नेमकं कसं दिसतं ते मला बघायचं होतं. अर्ध्या तासात तांदळातले खडे तसेच राहिले आणि दोन चांगले दाणे मी बाहेर टाकले. तू मागं येऊन कधी उभी राहिलीस कळलंच नाही. इतकी हसलीस की आई बघायला आल्या. मग माझ्या शेजारी बसलीस, चष्मा घालून पाहिलास आणि म्हणालीस, "जवळजवळ. पण माझं तेल मधोमध असतंय. कडेला साफ दिसतंय. म्हणून मी माणसांकडं तिरकं बघते. लोकांना वाटतं मॅडमला गर्व आहे."

मला किती वर्षं तेच वाटत होतं, मंदा.

आता गोळीचं. यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो, म्हणून नीट क्रमानं सांगते.

त्या आजारानं तुला लघवी आवरेना झाली होती. रानात बाईला आडोसा नाही, सोबत सगळे बाप्ये. तू काय केलंस? पाणी पिणं कमी केलंस. आणि दुसऱ्या एका डॉक्टरांकडून लघवी आवरायची गोळी लिहून घेतलीस. त्यांनी तुला बजावलं होतं, या गोळीनं घाम कमी येतो, उन्हात फिरू नका. तू मान डोलावलीस आणि दुसऱ्या दिवशी रानात गेलीस. मला काही सांगितलं नाहीस. मला एवढंच दिसायचं की तू आल्यावर तुझं तोंड लालभडक आणि ब्लाऊज कोरडा. मी चार घरं चालून आले तरी माझ्या पाठीला पदर चिकटायचा. तू दिवसभर बांधावरून येऊन कोरडी. मी एकदा बोललेही, "मंदा, तुला घाम येत नाही गं." तू म्हणालीस, "बरंय की, पावडर वाचली."

मेच्या मध्यात दुपारी एकला तू दारात आलीस, चपला न काढता घरात शिरलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "आई, पाणी." आई तर वडीगोद्रीला गेलेल्या. "मंदा, मी वहिनी." तू पुन्हा म्हणालीस, "आई." जीभ जड झाली होती. मी पाठीला हात लावला तर तापल्या पत्र्यासारखी. घामाचा टिपूस नाही. मी अंथरुणावरची चादर ओढली, हौदात बुडवली, तुला गुंडाळली, पंखा अंगावर लावला आणि दादांना फोन केला. दादा जीप घेऊन येईपर्यंत मी तुझ्यावर तांब्यानं पाणी ओतत होते आणि नाव विचारत होते. "तुझं नाव काय? सांग, नाव काय?" तिसऱ्यांदा तू चिडून म्हणालीस, "मंदाकिनी, अजून काय?" तेव्हा मला रडू फुटलं.

दवाखान्यात त्यांनी पहिलं विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत. तुझ्या पर्समधून ती पट्टी मीच काढून दिली. मग तुझ्या डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलणं झालं, ती गोळी बदलली. दोन दिवसांत तू उठून बसलीस. तेव्हाच मला कळलं की घामासारखी फुकटची गोष्ट माणसाला जगवते. आपण सगळे आयुष्यभर घामाला वैतागतो.

आणि आठवड्यानं मी तुला न विचारता अंबडला गेले. तुझ्या साहेबांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, डोळे, पाय, ती दुपार. ते भले माणूस होते. ऐकून घेतलं, पाणी दिलं. म्हणाले, "आधी सांगायचं ना." दुसऱ्या दिवशी तुला नकाशाच्या नकला काढायच्या टेबलावर बसवलं.

तू संध्याकाळी आलीस ती सरळ स्वयंपाकघरात.

"वहिनी, तुला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मंग?"

"मेली असतीस तू."

"मेले असते तर मी मेले असते. आता जिती आहे आणि नकला काढून राह्यले."

मृगाचा पाऊस पडून सरकी उगवून आली, कापूस वेचून झाला तरी तू माझ्याशी बोलली नाहीस. जेवण वाढलं तर जेवायचीस, ताट धुऊन ठेवायचीस. मला तुझ्या गप्प बसण्यापेक्षा ते ताट धुणं लागायचं. आपल्या घरात तू कधी स्वतःचं ताट धुतलं नव्हतंस.

पुढच्या उन्हाळ्यात तू साहेबांशी वाद घालून रान परत मिळवलंस. साहेबांनी एक अट घातली: घरचं कोणीतरी सोबत पाहिजे. दादांना शेत, आईंचं वय. मेमध्ये सुट्टी फक्त मास्तरणीला. म्हणजे जिच्याशी तू बोलत नव्हतीस तिलाच घेऊन फिरणं आलं. देवाला पण कधी कधी मजा येत असेल.

त्या उन्हाळ्याइतकं मी आयुष्यात काही शिकले नाही. पहाटे तू गार पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत बसायचीस. थंडी वाजेपर्यंत नाही, नुसतं अंग निवेपर्यंत. त्यानं रानात तासभर जास्त मिळायचा. एका कुल्फीवाल्याची जुनी पेटी आपण मागून आणली होती. तिच्यात बर्फ, बर्फात ओले पंचे. तुझ्या पिशवीत भिंतीवर लावायचं थर्मामीटर असायचं आणि तू ते कुठंही टांगायचीस. लिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, पाणी दिलेल्या मोसंबीच्या बागेत. पत्र्याखालची सावली ही सावलीच नाही हे तू मला आकड्यानिशी दाखवलंस. आणि सगळ्यांत नवल मला याचं वाटलं की तुला मेपेक्षा जून जड जायचा. ढग आलेत, वारा पडलाय, आम्ही सगळे म्हणतोय सुटलो, आणि तुझे पाय नेमके तेव्हा लटपटायचे. कूलर नुसता घरघरायचा. "हवाच ओली, तर घाम कुठं सुकणार?" तू म्हणालीस. मी ते जाऊन वर्गात शिकवलं. पोरांनी एका हाताला पाणी लावून फुंकर मारली, दुसऱ्या हाताला कोरडीच मारली, आणि सगळा वर्ग ओरडला.

बोलणं आपलं असंच परत सुरू झालं. माफी-बिफी कोणी मागितली नाही. थर्मामीटर वाचता वाचता सुरू झालं.

आणि मग ती चुलतभावांची मोजणी. दोघांच्या मध्ये एक बांध. अलीकडे थोरल्याची मोसंबी, पलीकडे धाकट्याचं कपाशीची पऱ्हाटी काढलेलं रान. सहाला सुरू करायचं ठरलं होतं, धाकटा आला नऊला. पंच, पोलीस पाटील, दोन्हीकडची माणसं. तू यंत्र लावलंस, काम निम्म्यावर आलं आणि साडेदहा वाजले. मी पंचा बदलला, तासात तिसऱ्यांदा. तू यंत्राच्या पडद्यावर वाकलीस, मग हळूच मला बोलावलंस.

"वहिनी, शेवटचा आकडा तीन आहे का आठ?"

"तीन."

तू डोळे मिटलेस, उघडलेस. मी कुजबुजले, "मी वाचते, तू लिहीत जा. अर्ध्या तासात उरकेल."

मला वाटलं होतं तू हो म्हणशील. बर्फ संपत आला होता, माणसं वैतागली होती, कोणाला कळलंही नसतं. तू मान हलवलीस. "उद्या कोणी विचारलं आकडा कोणी वाचला, तर काय सांगू?" आणि सरळ उभी राहून मोठ्यानं म्हणालीस, "आज मोजणी बंद. उद्या सकाळी सहाला पुढं."

गलका उठला. धाकटा पुढं आला. "असं कसं बंद? निम्मं झाल्यावर? थोरल्यानं चहा पाजला का मॅडमला? हद्द माझ्या फायद्याची निघून राह्यली म्हणून बंद, बराबर?" त्याच्या बाजूची दोन माणसं हसली.  मला वाटलं आता ही काहीतरी कारण काढेल, यंत्र बिघडलं म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

तू म्हणालीस, "मला दिसत न्हाई."

हसणारी दोघं पुढं सरकून तुझ्या डोळ्यांकडे बघायला लागली.

"मला आजार आहे. अंग तापलं की डोळ्यापुढं अंधारी येते, गार झालं की जाते. आत्ता मला तुमचं तोंड दिसत न्हाई, नुसता शर्ट दिसून राह्यला. अशा डोळ्यांनी मी तुमची हद्द काढू का? काढते. सांगा."

एवढी वर्षं तू जे लपवलंस, ज्यासाठी माझ्याशी अबोला धरलास, ते तू भर रानात वीस माणसांसमोर सांगून मोकळी झालीस. मला रागच आला आधी. मग भीती वाटली.  बांधावर एक म्हातारेबुवा बसले होते, थोरल्याचे सासरे, पलीकडच्या गावचे. ते काठीवर हात ठेवून म्हणाले, "अरं, बैलालाबी आपण भर उन्हात औताला जुंपत न्हाई. मंग ही तर लेकीसारखी हाय. उद्या या की सकाळी. हद्द काय पळून जाती का?"

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला धाकटा सगळ्यांच्या आधी हजर. किटलीभर चहा घेऊन. आठच्या आत काम झालं आणि हद्द त्याच्याच रानात दोन हात आत आली, म्हणजे जमीन त्याचीच गेली.  त्यानं खुणेच्या दगडाकडे बघितलं, टोपी काढून परत घातली. म्हणाला, "दिसत न्हाई तवा जी बाई दिसत न्हाई म्हणती, तिला दिसलं ते खरंच असणार." आणि सही केली.

त्यानंतर पट्ट्यात बोलबाला झाला. अर्ज करायला येणारेच एकमेकांना सांगायचे, मॅडमची अकरानंतर मोजणी नाही, पहाटे तयार राहा. लोकांना तेच सोयीचं निघालं. ऊन त्यांनाही लागतच होतं, फक्त तसं म्हणायला आधी कोणी नव्हतं. आई पण बदलल्या, मंदा. तुझ्यामागं शेजारणीला सांगायच्या, "आमच्या मंदाला सकाळचं दिसतंय ते तुमच्या बाप्यांना दिवसभर न्हाई दिसत." तुझ्यासमोर म्हणाल्या नाहीत कधी.

तुला स्थळंही आली. तू प्रत्येकाला पहिल्या भेटीत आजाराचं नाव सांगायचीस आणि वर म्हणायचीस, "एकच अट, लग्न उन्हाळ्यात न्हाई." एकजण विचार करून सांगतो म्हणाला, तो अजून विचारच करतोय. आपण हसायचो. तू खरंच हसायचीस का, हे मला कधी विचारायचं धाडस झालं नाही.

मात्र गावाला तू नवीन खोड लावलीस. कोणी उन्हात चक्कर येऊन बसलं की तू लिंबूपाणी देता देता विचारायचीस, "गोळी कोणती चालू आहे?" टेंभुर्णीच्या मावशींच्या मालकांना डोक्याच्या, म्हणजे मनाच्या आजाराच्या गोळ्या होत्या आणि ते उन्हाळ्यात दुपारी गुंगल्यासारखे पडून असायचे, घरचे म्हणायचे आळस आहे. तू त्यांच्या पाठीला हात लावून बघितलास, कोरडी. "गोळी आपल्या मनानं बंद करू नका हं बिलकुल. पण डॉक्टरला एवढं विचारा, हिनं ऊन सोसत नाही का?" त्यांनी विचारलं. डोस बदलला, वेळ बदलली, दुपारची गोठ्यातली कामं सकाळी गेली. मावशी तुझ्या दहाव्याला आल्या होत्या. माझा हात धरून बसून राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी आजारानं खरंच पुढचं पाऊल टाकलं. उन्हानं नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच, त्याच्या त्यानं. पाय गेले. तुला नकलांच्या टेबलावर परत बसावं लागलं, या वेळी कोणी न सांगता. पहिल्या दिवशी मी तुला तिथं सोडायला आले. तू खुर्चीत बसलीस, नकाशा ओढलास आणि वर न बघता म्हणालीस, "त्या वर्षी तू सांगितलं नसतंस तर मला अजून एक उन्हाळा मिळाला असता."

मी म्हणाले, "किंवा एकही नाही."

"हो," तू म्हणालीस. "किंवा एकही न्हाई."

एवढंच. हे भांडण असंच उघडं राहिलं. मी बरोबर होते की नाही, मला माहीत नाही. तुझा विश्वास मोडला हे माहीत आहे. तरी आज ती दुपार परत आली तर मी परत अंबडला जाईन, हेही माहीत आहे. म्हणून माफी मागत नाही. तू सोबत घेऊन फिरलीस त्याबद्दल मात्र आभार मानायचे राहिले. ते मानते.

गेलीस ती थंडीत. उन्हाळ्याची एवढी तयारी असणारी तू पौषातल्या एका साध्या खोकल्यानं आडवी झालीस. जालन्याच्या दवाखान्यात सातवा दिवस. दुपारचे तीन वाजले असतील. खिडकीतून कोवळं ऊन तुझ्या पायांवर आलं होतं आणि मी सवयीनं पडदा ओढायला उठले. तू हातानं नको म्हणालीस. नर्सनं ताप बघितला.

"किती?" तू विचारलंस. ऑक्सिजनच्या मास्कमधून आवाज नीट येत नव्हता.

"एकशे दोन," ती म्हणाली.

तू थोडा वेळ हिशेब करत होतीस. तुझा तो चेहरा मला ओळखीचा आहे. मग माझ्याकडे बघितलंस. तिरकं नाही, सरळ.

"वहिनी, एकशे दोनला मला तू दिसायला नको."

"मग?"

"पण दिसून राह्यलीस."

मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलली आणि म्हणाले, "बोलू नको. पड आता." तू डोळे मिटलेस. संध्याकाळी तुला आतल्या खोलीत नेलं आणि मग आपलं बोलणं झालं नाही.

मंदा, आयुष्यभर तू प्रत्येक गोष्ट दोनदा करून बघितलीस. तेव्हा मी तुला एवढं विचारायला हवं होतं, काय दिसतंय सांग. माझ्या साडीचा रंग सांग. तुला मी खरंच दिसत होते की मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस, ते मला कळलं असतं. मी तुला गप्प बसवलं. त्या दिवशी मी हिरवी नेसले होते.